चाड्यावरची मूठ

कोल्हापूरहून कागलच्या दिशेनं निघालं, की गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत लागते आणि तिच्या लगतच कणेरीचा रस्ता फुटतो. काडसिद्धेश्वर मठाच्या आवारात तिथं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय आहे. उघड्या आभाळाखाली एक अख्खं गाव सिमेंटमध्ये घडवलेलं आहे. माणसाएवढी माणसं, बैलाएवढे बैल. लोहार भात्यापाशी, सुतार लाकडापाशी, कुंभार चाकापाशी, तेली घाण्यापाशी आणि शेतात औतं. सहलीला आलेली शाळेची मुलं इथं हरखून जातात. संग्रहालयशास्त्राचे जाणकार मात्र जरा हात राखूनच बोलतात. त्यांचं म्हणणं असं, की ही प्रतिकृती आहे, यात अस्सल जुनी वस्तू कुठं आहे?

याच आक्षेपाला धरून मला कणेरीच्या गावाचं रसग्रहण करावंसं वाटतं. अस्सल वस्तू पाहायच्या तर पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. कवी अज्ञातवासी म्हणजेच दिनकर गंगाधर केळकर यांनी आयुष्यभर गोळा केलेले दिवे, अडकित्ते, भांडी, दारं-खिडक्या पाहून माणूस थक्क होतो. गोव्यात बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी उभं केलेलं 'गोवा चित्र' आहे. गोव्याच्या शेतीतली आणि घरातली टाकून दिलेली अवजारं त्यांनी जमवली आणि वाचवली. या दोन्ही माणसांचं ऋण फार मोठं आहे. तरीही भिंतीला टेकवून ठेवलेलं पेरणीचं औत मी पाहतो, तेव्हा दर वेळी ते फार साधं वाटतं. एक आडवा ओंडका, त्यात ठोकलेले तीन दाते, तीन पोकळ बांबू आणि वर एक लाकडी वाटी. हजारो वर्षांचं शहाणपण एवढंच? प्रश्न पडतो, कारण भिंतीला टेकलेलं औत अर्धंच असतं. उरलेलं अर्धं बैलाच्या चालीत, हाकणाऱ्याच्या मनगटात आणि पेरणाऱ्या बाईच्या मुठीत राहिलेलं असतं. कणेरीनं हे उरलेलं अर्धं घडवायला घेतलं, आणि तिथंच या कामाचं सौंदर्य आहे. पुतळा इथं सजावटीसाठी उभा केलेला नाही, तो अवजाराचाच भाग आहे.

विहिरीवरच्या मोटेपासून पाहू. मोट चामड्याची. वर रुंद तोंड, त्याला लोखंडी कडं, आणि खाली निमुळती होत गेलेली लांब सोंड. तोंडाला बांधलेला जाड दोर म्हणजे नाडा. सोंडेच्या टोकाला बांधलेल्या पातळ दोराला कुठं सोंदूर म्हणतात, कुठं सोल. नाडा वरच्या चाकावरून जातो, पातळ दोर खाली थारोळ्याच्या, म्हणजे मोटेचं पाणी पडतं त्या विहिरीकाठच्या हौदाच्या, काठावरच्या आडव्या कण्यावरून. दोन्ही दोर मागं बैलांच्या जुवाला एकत्र. बैल धावेच्या, म्हणजे विहिरीपासून दूर जाणाऱ्या त्यांच्या वाटेच्या, उतारावरून पुढं निघाले, की मोट वर येऊ लागते. येताना सोंड दुमडून तोंडाच्या उंचीला उभी राहते, म्हणून थेंबही सांडत नाही. मोट काठाशी आली, की तोंड चाकाकडे वर चढत राहतं आणि सोंड मात्र कण्यावरून पुढं, थारोळ्यात ओढली जाते. दुमड उलगडते, सोंड तोंडापेक्षा खाली येते आणि सगळं पाणी आपोआप थारोळ्यात रितं होतं. तिथून पाटानं पिकाला. उत्तरेकडच्या बिनसोंडेच्या चरसाला पाणी ओतून घेण्यासाठी विहिरीच्या तोंडाशी आणखी एक माणूस उभा करावा लागतो. सोंडेच्या मोटेला तो लागत नाही.

या यंत्राचा मेंदू कुठं आहे, ते शोधून पाहा. चाकात नाही, चामड्यात नाही. तो दोन दोरांच्या लांबीतल्या फरकात आहे. हा फरक विहिरीगणिक वेगळा, आणि दोर भिजला, ताणला, झिजला की त्याच विहिरीवरही पुन्हा वेगळा. सोंडेचा दोर हातभर सैल राहिला तर मोट अर्ध्या वाटेतच गळायला लागते, आखडला तर सोंड लवकर ओढली जाते. मोटकरी हे माप गाठींनी राखतो. धावेचा उतारही असाच विचारपूर्वक केलेला. ओढताना बैलांच्या अंगाचं वजन उताराला मिळतं. मोटकरी नाड्यावर बसतो आणि आपलंही वजन त्यात घालतो. मोट रिकामी झाली, की बैल मागच्या मागं चढण चढतात. ही उलटी चाल बैलाला शिकवावी लागते, आणि ती शिकवणारा माणूसही मोटेचाच एक भाग असतो. कागल इथून पुढच्याच टप्प्यावर. आनंद यादव त्या गावचे. 'झोंबी' ज्यांनी वाचली आहे, त्यांना शेतातल्या पोराच्या अंगावर हे काम कसं चढत जातं, ते वेगळं सांगायला नको.

मोटेचं वाचन इथंच थांबवलं तर ते अपुरं राहील. चामडं कमावलं ढोरांनी, मोट शिवली चांभारानं, नाडा वळला मांगानं, चाक केलं सुतारानं, कडं घडवलं लोहारानं. एका मोटेत इतक्या जणांचे हात. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला. महसूल खात्यात राहून हे सगळं जवळून पाहिलेल्या माणसाचं ते पुस्तक बलुतेदारीचा हिशेब फार तपशिलानं मांडतं. कणेरीच्या गावाचा सूर एकोप्याचा आहे, स्वयंपूर्ण खेड्याच्या स्वप्नाचा आहे, आणि कारागिराला मान देण्याची त्यामागची भावना खरी आहे. पण मोटेपुढं उभं राहिलं की एक गोष्ट आपली आपल्यालाच वाचावी लागते. हे चामडं आणि हा दोर ज्या हातांनी केला, त्या हातांना या विहिरीच्या पाण्याला शिवायची मुभा नव्हती. त्यांच्या कष्टावर पाणी वर यायचं आणि त्यांनी ते दुरून ओंजळीत मागून घ्यायचं. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला तो यासाठी, आणि १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आंबेडकर पाण्याला गेले तेही यासाठी. इथं, कोल्हापुरात, गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली, तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढून दिलं आणि स्वतः तिथं जाऊन चहा घेतला. १९१९ मध्ये सार्वजनिक पाणवठ्यांवर अस्पृश्यता पाळायला त्यांनी हुकमानं बंदी केली. हे सारं मोटेच्या बाहेरचं आहे असं मला वाटत नाही. ते तिच्या शिवणीत आहे. मोटेच्या दृश्याशेजारी चार ओळींची एक पाटी लावून हे सांगितलं, तर त्या दृश्याची उंची वाढेल.

सुताराच्या आणि लोहाराच्या कामात माझं मन सगळ्यात जास्त रमतं ते बैलगाडीच्या चाकापाशी. मधला तुंबा, त्यात बसवलेले आरे, बाहेर पुट्ट्यांचं वर्तुळ. बहुतेक लाकूड बाभळीचं. इथवर सुताराचं. मग लोहार चाकाची धाव, म्हणजे बाहेरची लोखंडी पट्टी, करतो आणि ती चाकापेक्षा किंचित लहान करतो. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईस्तोवर तापवायची, फुगली की चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी मारायचं. लोखंड आवळतं आणि चाकाचा एकूण एक सांधा आवळून टाकतं. ना खिळा, ना सरस. 'किंचित लहान' म्हणजे किती, हे लोहाराला ठाऊक असतं. फार लहान झाली तर पुट्टे चिरतात, मोठी राहिली तर चाक उन्हाळ्यात खिळखिळं होतं. सुताराचं काम असं लोहाराच्या हातून पुरं होतं, आणि दोघांपैकी एकाची चूक दुसऱ्याला झाकता येत नाही.

आता कुरी. तीन दात्यांच्या पेरणीच्या औताला कोल्हापूरकडं कुरी म्हणतात. मराठवाड्यात-विदर्भात ती तिफण, आणखी कुठं पाभर. भिंतीला टेकवलेलं, फार साधं वाटणारं औत म्हणून वर सांगितलं ते हेच, आणि माझ्या मते आपल्या शेतीतली सर्वांत सुंदर वस्तूही हीच.

रचना अशी. खाली दिंड, म्हणजे आडवा जाड ओंडका. त्यात तीन दाते, टोकाला लोखंडी फाळ. दात्यांच्या मागं तीन नळ्या, त्या वर येऊन एका लाकडी वाटीत मिळतात. या वाटीला चाडं म्हणतात. चाड्याच्या बुडाला तीन भोकं, एकेक भोक एकेका नळीचं. पुढं दांडी आणि जू, मागं धरायला रुमणं. दाते जमीन चिरत पुढं जातात, त्याच क्षणी बी नळीतून त्यांच्या मागोमाग ओलीत पडतं आणि माती आपल्या आपण त्यावर ढळते. किती खोल पेरायचं, हे दांडी आणि जू यांच्यातल्या दोरीच्या बांधणीनं कमी-जास्त करायचं. खरिपाला उथळ चालतं. रब्बीच्या ज्वारीला वरची माती वाळलेली असते, म्हणून ओल असेल तिथवर जावं लागतं. जमिनीला वाफसा आहे का, ते मातीचा गोळा मुठीत दाबून आधी पाहिलेलं असतं.

एका ओळीत बी किती पडेल आणि तिन्ही ओळींत सारखं कसं पडेल, याची सोय मात्र औतात कुठंच नाही. ना दाते असलेलं चाक, ना झडप, ना माप. ते काम चाड्यावर मूठ धरणारीचं. बियाणं तिच्या ओटीत बांधलेलं असतं. ती औतामागून चालते, मूठभर बी घेऊन हात चाड्यावर धरते आणि बोटांच्या फटीतून बी सोडत राहते. हात चाड्यावर हळूहळू फिरता ठेवावा लागतो, नाहीतर एका भोकात जास्त आणि दुसऱ्यात कमी जातं. बैलांची चाल वाढली, की बोटं थोडी सैल. बैल रेंगाळले, की आवळायची. बांधाशी औत वळताना मूठ मिटायची, पुन्हा सरळ झालं की उघडायची. एक मूठ संपून दुसरी भरेपर्यंत धार तुटता कामा नये, म्हणून हात ओटीकडे जातो तो मुठीत शेवटचे दाणे असतानाच. चिखलानं एखादी नळी बुजली तर चाड्यात बी साचू लागतं, ते तिनं पहिल्या पावलांतच ओळखायचं. ओळखलं नाही, तर आठवड्याभरानं रान उगवून येतं तेव्हा मधली ओळ कोरी राहिलेली सगळ्या गावाला दिसते. ज्वारीची मूठ वेगळी, बाजरीची त्याहून बारीक, हरभऱ्याची मोकळी. ही मूठ आईकडून, सासूकडून शिकायची. काही भागांत पुरुषही मूठ धरतात, पण आमच्याकडं हे काम बाईचंच मानलं जातं, आणि चांगली मूठ धरणारीला पेरणीच्या दिवसांत शेजारच्या रानातून बोलावणं येतं.

इंग्लंडमध्ये जेथ्रो टल यानं १७०१च्या सुमारास पेरणीचं यंत्र केलं. त्यानं बी मोजून सोडायला खाचांचा फिरता रूळ आणि स्प्रिंग वापरली. ही कल्पना त्याला चर्चमधल्या ऑर्गनच्या रचनेवरून सुचली होती. टलनं मूठ यंत्राच्या आत घातली. आपल्याकडं ती बाहेरच राहिली. १७९५च्या सुमारास थॉमस हॅलकॉट नावाच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टननं दक्षिणेतलं पेरणीचं औत पाहिलं आणि त्याची माहिती लंडनच्या बोर्ड ऑफ ॲग्रिकल्चरला कळवली. तोवर असलं औत हा युरोपचा अलीकडचा शोध आहे, अशी त्याची समजूत होती. धरमपाल यांनी अठराव्या शतकातल्या भारतीय विज्ञान-तंत्रज्ञानावरचं आपलं पुस्तक १९७१ साली काढलं, त्यात ही कागदपत्रं पुन्हा उजेडात आणली. पुढं जॉन व्होल्कर हा इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचा रसायनतज्ज्ञ हिंदुस्थानभर हिंडला. १८९३च्या त्याच्या अहवालात त्यानं स्वच्छ लिहिलं, की इथला चांगला शेतकरी सरासरी ब्रिटिश शेतकऱ्याच्या तोडीचा आहे, काही बाबतींत सरसच. या लोकांनी औताचं लाकूड तेवढं पाहिलं असतं, तर असा निवाडा त्यांच्या हातून झाला नसता. त्यांनी चालतं औत पाहिलं.

कुरीचं आणि तण काढायच्या कोळप्याचं नातंही पाहण्यासारखं आहे. सुतार कुरीच्या दात्यांमधलं अंतर ठरवतो, त्याच मापावर कोळपं बेततो. पेरणीनंतर पीक वीतभर झालं, की दोन ओळींमधून कोळपं नेमकं निघून जातं. तण मरतं, पिकाला धक्का लागत नाही. पहिल्या ओळीतलं यमक दुसऱ्या ओळीत यावं तसं जूनमधलं माप जुलैमध्ये पुन्हा भेटतं. त्यासाठी पेरणी सरळ हवी, आणि सरळ पेरणीसाठी हाकणाऱ्याची नजर शेताच्या पलीकडच्या बांधावर खिळलेली हवी. औत हाकणाऱ्या आकृतीकडं कणेरीत पाहाल, तेव्हा मान कुठं वळली आहे ते आधी पाहा. शिल्पकाराला शेती कळली आहे की नाही, याची परीक्षा तिथंच होते. माझ्या मते कणेरीच्या गावात अशा जागा पुष्कळ उत्तम साधल्या आहेत: वाकलेली पाठ, टाच रोवून उभा राहिलेला पाय, दोर धरलेल्या बोटांची मिठी. स्टुडिओत बसून केलेली कल्पना इतकी जमत नाही. ज्यांनी हे घडवलं, त्यांच्या डोळ्यांपुढं घरचा कुणीतरी माणूस असणार.

लोखंडी नांगराची गोष्ट याच प्रदेशातली, म्हणून थोडक्यात सांगतो. लाकडी नांगर जमीन फोडतो, पण मातीचा थर उलथवत नाही. हराळी आणि कुंदा या तणांच्या मुळ्या खालीच राहतात. बेळगावात सायकलींचं दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कडबा कापायचं यंत्र केलं आणि मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर केला. लोखंडानं जमीन बिघडते, या समजुतीमुळं सुरुवातीला तो घ्यायला कुणी तयार होईना. १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयानं कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि हा नांगर घरोघर गेला. त्याच्या वक्र पात्यात माती उलथवण्याची अक्कल ओतूनच ठेवलेली होती. नवख्या माणसाच्या हातातही तो बरं काम करतो, हा त्याचा मोठाच गुण. शेतकऱ्याचे कष्ट त्यानं खरोखर कमी केले, आणि लाकडी नांगरासाठी हळहळावं असं मला वाटत नाही.

मुठीचं मात्र तसं नाही. नांगरटीत बळ जातं, ते लोखंडानं घेतलं तर चांगलंच झालं. मुठीत जातं ते जाणतेपण, आणि आजवर त्याची कुठं नोंदच झाली नाही. बलुतेदारीच्या हिशेबात सुतार आहे, लोहार आहे, चांभार आहे. प्रत्येकाला सुगीत ठरलेला वाटा आहे. मूठ धरणारी मात्र घरचीच, म्हणून तिचं नाव कुठल्याच यादीत नाही. जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये सरकारला सुचवलं होतं, की दर वर्षी शेतीची प्रदर्शनं भरवावीत, औतं हाकण्याच्या परीक्षा घ्याव्यात आणि शेतकऱ्यांना बक्षिसं द्यावीत. १८८३ सालच्या त्या पुस्तकातली ही सूचना मला आजही थक्क करते. प्रदर्शनात वस्तू मांडून थांबायचं नाही, ती चालवणाऱ्याच्या कौशल्याची परीक्षा घ्यायची आणि त्याला मान द्यायचा. त्या परीक्षेत चाड्यावरच्या मुठीलाही जागा हवी होती, एवढंच मी त्यात भर घालून म्हणेन.

अजून वेळ गेलेली नाही. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रात बी मोजायला खाचांचा रूळ आला, तरी ट्रॅक्टरला जोडलेल्या साध्या तिफणीमागं बसून हातानं चाड्यात बी सोडणारी माणसं आजही दिसतात. कणेरीच्या आसपासच्या गावांत आयुष्यभर मूठ धरलेल्या म्हाताऱ्या बाया आहेत. मठानं आणि कोल्हापूरच्या विद्यापीठानं मिळून एका पावसाळ्यात त्यांना बोलवावं. आवारात एक खरी कुरी जुंपावी, लाकडाची, बाभळीच्या दिंडाची. प्रत्येकीच्या हाताचं जवळून चित्रीकरण करावं: ज्वारीला अंगठा कुठं असतो, तुरीला बोटं किती उघडतात, वळणावर मूठ कशी मिटते, बैल बुजला तर काय करायचं. मग पंधरा दिवसांनी त्याच रानात जाऊन उगवलेले कोंब ओळीनं मोजावेत आणि ते आकडे त्या बायांच्या नावानिशी पेरणीच्या दृश्याशेजारी लावावेत.